हिलालच्या नावाचे गहू

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. खानदेशातून येऊन तिथल्या नवागामात राहिलेल्या हिलालला लघवीचा त्रास सुरू झाला. यंत्रमागावर जरा उभा राहिला की मोरीकडे पळायचा. शेजारच्या मागावरचा दगा खदाखदा हसायचा. "दादा, आख्खी तापी पिऊन येस का?" पण लघवीतून रक्त गेलं, तेव्हा ह्याच दगाने त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. चेष्टा करणारे पुष्कळ असतात हो, वेळेला रिक्षा थांबवणारा एखादाच.

आतला तुकडा काढून तपासला, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "गाठीतच आहे, पसरलेला नाही. नशीबवान आहात." कसलं नशीब! डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या. ऑपरेशन करून ग्रंथीच काढायची, नाहीतर मुंबईला राहून किरणांचे शेक घ्यायचे, नाहीतर वृषण काढायचे. हे शेवटचं सोपं, पण त्याने रोग दबतो, मुळासकट जात नाही. त्यांचं मत ऑपरेशनकडे होतं.

"मग पुढे?" हिलालने विचारलं.

"काही महिने लघवी गळेल. आणि नवरा-बायकोचं पहिल्यासारखं राहीलच असं नाही."

मरणाला हिलाल एवढा घाबरला नव्हता. मर्द म्हणून जगलो, आता कसला मर्द? "विचार करतो," म्हणत तो उठला. परत यायचंच नाही, हे त्याने मनात पक्कं करून टाकलं होतं. डॉक्टर मोठा हुशार. त्याने बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला, पुष्पाबाईला, आत बोलावलं आणि काही न लपवता सगळं तिला सांगितलं. तिने पदर तोंडाशी धरला, शेवटपर्यंत ऐकलं, आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "माले मानूस पायजे. जित्ता. बाकी काय बी नको."

झालं, ठरलं!

ऑपरेशन छान झालं. रोग निघाला. पण लघवीची नळी काढली आणि गळती लागली. खोकला तरी लेंगा ओला. हिलाल दाराबाहेर पडेना. दगा कारखान्यातून कापडाचे तुकडे घेऊन आला, लंगोटाला होतील म्हणून. ते कापड कसलं, तर पॉलिस्टर! पाणी वरच्या वर घसरून मांड्यांवर. पुष्पाबाई हसून हसून खाली बसली. "जन्मभर कापड विनं तुम्ही दोघांनी, त्यानी कधी थेंब बी पिया नही का?" तिने आपलं जुनं सुती लुगडं फाडलं आणि घड्या करून दिल्या. किती दिवसांनी हिलालही हसला, आणि हसताना गळलं तरी हसत राहिला.

इकडे शेठ हिलालच्या मागांवर दुसरा माणूस लावायला निघाला होता. दगाने साफ सांगितलं, "ते माग मी बघतो." स्वतःचे सांभाळून हिलालचेही चालवले. भाकरसुद्धा उभ्याउभ्या खायचा. हिलालच्या घरी मात्र चकार शब्द नाही; भेटायला आलेल्या शेठकडूनच हिलालला ते कळलं.

डॉक्टरांनी सांगितलेला, लघवी रोखल्यासारखं आवळून धरायचा व्यायाम हिलाल खाटेवर बसून करायचा. श्रावण लागेपर्यंत गळती बरीच आटोक्यात आली. खानदेशची देवी कानबाई, तिचा सण जवळ आला. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, आणि तो रोट फक्त घरचे, भाऊबंदच खातात. पुष्पाबाई सूप घेऊन बसली, तसा हिलाल भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मना नावनी मूठ टाकू नको. मी आते पुरुष राहिलो नही."

"येडा व्हयनात का?" पुष्पाबाई कडाडली. "ज्याले जित्ता ठेवाले मी कानबाईले हात जोडात, त्यानीच मूठ टाकू नको?" आणि तिने पहिली सव्वा मूठ हिलालचीच काढली. दुसरी मुलाची, गोपालची. हिलालच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने ते पुसलंही नाही.

"मंग आखो एक काढ," तो म्हणाला. "दगानी."

पुष्पाबाईचा हात थांबला. दगा ना कुळाचा, ना गोताचा. भाऊबंद काय म्हणतील?

"सख्खा भाऊ बी इतला दिन मना माग चालवता नही," हिलाल म्हणाला.

तिने मूठ भरून घेतली, वर पाव मूठ टाकली.

कानबाईच्या पंगतीत दगाला हिलालच्या शेजारी पाट मांडला. ताटात रोट बघून त्या बडबड्याने हात मागे घेतला.

"खाय ना भाऊ," हिलाल म्हणाला, "तुनाच नावना गहू."


दगा मान खाली घालून जेवू लागला.