कुणाच्यातला रे तू?

सिनेमा मीच सुचवला होता, त्यामुळे तो मध्येच बंद पडला असता तर दोष माझ्याच माथी आला असता. खऱ्या हेराच्या कामावरून सुचलेली कोरियन गोष्ट. लातूरच्या आमच्या कॉलेजात शनिवारी दुपारी सर सिनेमा दाखवतात. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वर्गात हजेरीपलीकडे माझा आवाज कुणी ऐकला नव्हता.

बोलणं कोरियन, खाली इंग्रजी ओळी. थोड्याच वेळात मागून ओरडा सुरू झाला.

"सर, काहीच कळंना गेलंय. हिंदी लावा की!"

सर माझ्याकडे वळले. "तू सुचवलास ना? मग मराठीत सांग सगळ्यांना. नाहीतर बदलतो."

मी उभी राहिले. पडद्यावर दक्षिणेचा हेर उत्तरेतल्या एका बंदरात शिंपी बनून राहिलेला. लष्करी अधिकाऱ्याच्या कोटाचं माप घेताना तो अधिकारी सहज त्याचं गाव विचारतो. हेर पाठ केलेलं नाव सांगतो. अधिकारी म्हणतो, अरे, मीही तिथलाच.

"आपण कोणत्या कुटुंबातील आहात?" मी पुस्तकासारखं पुढचं सांगितलं.

"असं कोण विचारतंय गं?" मागच्या बाकावरची मुखेडची मैत्रीण म्हणाली. "तुमच्या लोह्याच्या स्टँडवर कसं विचारतेत?"

तोंडातून निघूनच गेलं, "कुणाच्यातला रे तू?"

सगळे हसले आणि लगेच पडद्याकडे बघायला लागले. हा प्रश्न आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. एवढ्यावर तो थांबत नाही. मग आजोबांचं नाव, मग शेत कोणत्या शिवारात, मग मामाचं गाव.

"मेला आता," कुणीतरी पुटपुटलं.

त्यानंतर मी थांबलेच नाही. अधिकाऱ्याचा आवाज जाड काढला, हेराचा बारीक. हेराच्या बोटात टाचणी घुसली तेव्हा मात्र सांगायचं विसरून नुसती पडद्याकडे बघत राहिले.

"ए बाई, बोल की! काय म्हणला त्यो?"

"न्हाई म्हणला काही. सायेब नुसता त्याच्याकडं बघून राहिला. पळ म्हणावं आता त्याला!"

शेवटचं वाक्य पडद्यावर नव्हतंच, माझंच होतं.

वेळ संपली तसे सर उठले. "उरलेला पुढच्या शनिवारी."

"बसा सर!" मागून चार-पाच आवाज एकदम आले. "सुटला का न्हाई ते सांगू द्या तिला!"

सर बसले. माझा घसा बसला होता. मैत्रिणीनं पाण्याची बाटली पुढे केली. एक घोट घेतला आणि पुढचं सांगायला लागले.