गॅलरीतली कोळंबी

अरुण गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं, उद्या पाणी येणार नाही या सूचनेच्या खाली. दुःखाच्या आधी रागच आला. एवढी जुनी मैत्री, आणि हा माणूस असा न सांगता उठून जातो म्हणजे काय! महिना उलटला, राग काही उतरत नाही...

अरुण खडकीच्या कारखान्यात होता. तरुणपणी कुठल्याशा साहेबाच्या निरोपाच्या पार्टीत, तिथल्या ऑफिसर्स मेसमध्ये त्याने प्रॉन कॉकटेल खाल्लं. काचेच्या ग्लासात लेट्यूसची बारीक चिरलेली पानं, त्यावर थंडगार कोळंबी आणि मेयोनेजमध्ये टोमॅटो सॉस कालवून केलेला गुलाबी रस्सा. मेसमध्ये हा पदार्थ इंग्रजांच्या वेळचा; ते गेले, त्यांच्याकडेही म्हणे हा प्रकार जुनापुराणा झाला. अरुणच्या डोक्यातून मात्र तो ग्लास गेला नाही. घरी जमवायचंच, असं त्याने मनाशी ठरवलं.

अडचण घरातच होती. वहिनी पक्क्या शाकाहारी. शेवटी तह झाला: कोळंबी गॅलरीत शिजेल, तिची भांडी गॅलरीतच राहतील आणि वहिनी तिकडे फिरकणार नाहीत. "तुमचा प्रयोग आटोपला की फिनेलने पुसून मगच आत या," एवढंच त्या म्हणत. चाखायला मी. आणि दर खेपेला कोळंबी रबरासारखी चिवट! ती उकळत ठेवून हा मला मेसची तीच गोष्ट पुन्हा सांगत बसायचा. "अरे, गॅस बंद कर आधी," मी ओरडायचो. "कच्ची राहील रे..." उभ्या जन्मात त्याने माझं ऐकलं नाही. मग पहिल्या घासालाच वैतागायचा, "छे! तसं नाही झालं." ग्लास मात्र निपटून खायचा.

तेरावा झाल्यावर वहिनींचा फोन आला. "भावजी, उद्या कोळंबी घेऊन या. त्यांच्या फोटोसमोर ठेवायचीय. मीच करणार आहे."

मी गेलो तेव्हा मुलगा समजूत घालत होता, "आई, अगं गुरुजी काय म्हणतील?"

"त्यांना जेवायला बोलावलंय का मी?"

नाकाला पदर लावून वहिनी पहिल्यांदाच गॅलरीतल्या शेगडीपुढे उभ्या राहिल्या. मी सांगत गेलो, त्या करत गेल्या. कोळंबीचा रंग पालटला, वास सुटला आणि तो असह्य होऊन त्यांनी खाडकन गॅस बंद केला. "पुरे! झालं तेवढं झालं." कोळंबी बर्फाच्या पाण्यात घातली, सॉस कालवला, एक ग्लास भरून फोटोसमोर ठेवला, दुसरा माझ्या हातात दिला.

मी चमचा तोंडात घातला. कोळंबी लुसलुशीत झाली होती. अरुण जन्मभर जे वर्णन करत आला, ते हेच. माझा संताप संताप झाला. चिडायचं तरी कुणावर? माझं न ऐकणाऱ्या त्याच्यावर, की एकदाही गॅलरीत न डोकावलेल्या या बाईंवर?

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या स्वतः चाखणार नव्हत्याच, त्यामुळे सगळा भरवसा माझ्या शब्दावर.

"खरं सांगा, भावजी. त्यांच्यासारखं झालंय ना?"

"बिघडलंय," मी म्हणालो. "चिवट झालीय. अगदी अरुणच्या हातची."

त्यांनी नाकावरचा पदर डोळ्यांना लावला.

"मग बरोबर झालंय," त्या म्हणाल्या.