गाडलेली माती

खाणीला दोन भोंगे होते. एक ऑफिसच्या छपरावर, पाळी बदलली की वाजणारा; दुसरा डंपरच्या स्टिअरिंगमागे बसून कधीही वाजणारा, म्हणजे डंपरचा ड्रायव्हर. या दुसऱ्या भोंग्याला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. बायको म्हणायची, "अहो, हळू बोला, मी इथंच आहे." तो म्हणायचा, "हळूच बोलतोय!" आणि शेजारची खिडकी लागायची.

एकतीस वर्षं भोंग्याने खाणीतला टाकाऊ दगड वर नेऊन ओतला. ओतता ओतता वस्तीच्या डोक्यावर डोंगर उभा राहिला. कंपनी त्यावर दरवर्षी झाडं लावायची, झाडं दरवर्षी मरायची. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपं आणि नव्या साहेबांचा नवा फोटो. वारा सुटला की उघड्या डोंगराची धूळ घरोघरी. भोंग्याच्या घरात बायकोचा खोकला पाहुणा म्हणून आला आणि बिऱ्हाड करून बसला.

झाडं का मरतात हे भोंग्याला पक्कं ठाऊक होतं. खाण खोदताना वरची काळी माती खरवडून वेगळी ठेवायची आणि शेवटी दगडावर परत पसरायची, असा नियम. पण एका वर्षी घाई झाली. सुपरवायझर म्हणाला, "टाक तिथंच कोपऱ्यात, कोण बघतंय?" भोंग्याने आठवडाभर माती तिथं टाकली आणि वरून दगड ओतला. एरवी कुणाच्या बापाला न भिणारा हा माणूस त्या दिवशी मूग गिळून बसला. त्याची लाज त्याला अजून वाटत होती.

आता खाण बंद होत होती. शनिवारी खोदकामाचं शेवटचं मशीन जाणार. ते गेलं की माती कायमची गाडली गेली. सोमवारी भोंगा ऑफिसात जाऊन उभा राहिला.

झाडांचं काम बघणाऱ्या मॅडमनी नकाशा उघडला. "काका, तुम्ही म्हणता तिथं दगड आहे."

"नकाशा काढणारा आला होता का तिथं? डंपर माझा होता."

"पुरावा काय?"

"मीच पुरावा. माती मीच पुरली. लिहून घ्या, सही करतो."

"चौकशी लागेल तुमच्यामागे."

"लागू द्या! या वयात मला कामावरून कोण काढणार?"

मशीन मिळालं नाही. भोंग्याने घरून कुदळ आणली. जागा शोधायला तो चढावर तोंडाने डंपरचा आवाज काढत चालला. भरला डंपर जिथं पहिल्या गिअरवर यायचा तिथून तीस पावलं, मग मोठा खडक. बघे पोट धरून हसले. त्याने चार दिवस खणलं. निघाले ते दगडच.

शेवटचं मशीन त्याचा जावईच चालवत होता. शुक्रवारी तो वर आला. "मामा, चला घरी. लोक हसतायत."

"हसू द्या. तुम्ही मशीन आणा, जावईबापू."

"नोकरी जाईल माझी."

"उद्या मशीनच जाणार. नोकरी काय झाडाला टांगणार? आणि झाड तरी कुठाय इथं?"

जावई खाली उतरला. पण शनिवारी सकाळी मशीन ट्रेलरकडे न जाता चढावर आलं. मागोमाग मॅडमही धापा टाकत आल्या.

एक बकेट, दुसरी, पाचवी. दगडच. भोंगा खड्ड्यात डोकावला. मग त्याने कपाळावर हात मारला. "अरे, मी सरळ चालत आलो! डंपर काय तोंडाने ओततो?"

तो वळला आणि टूं टूं करत उलटा चालू लागला. डंपरभर अंतर मागे जाऊन थांबला. "इथं!"

तिसऱ्या बकेटला काळी माती आली. मॅडमनी मूठभर उचलून वास घेतला. "आंबूस येतोय. इतकी वर्षं हवा नाही हिला. मेली असेल, काका."

"मेली नाही, गुदमरलीये. दाबली मी, मला माहीत!"

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "ट्रेलर संध्याकाळी निघेल. तोवर मी इकडे फिरकलेच नाही." संध्याकाळपर्यंत जावयाने उतारावर एक रुंद पट्टा काळा केला. बाकीचा डोंगर तसाच राहिला.

दोन महिन्यांनी त्या पट्ट्यावर रान माजलं. गवत, काटे, नाव नसलेलं बरंच काही; आणि तिथली धूळ उडायची थांबली. मोठे साहेब फोटोवाल्याला घेऊन आले. "हे तण उपटा. ओळीत रोपं लावा."

भोंगा मधोमध जाऊन उभा राहिला. "फोटो माझा काढा. पण यातल्या एका पात्याला हात लावून दाखवा!"

तो आवाज खाली वस्तीत गेला. घरात बायकोने खोकता खोकता ऐकला, आणि जन्मात पहिल्यांदा ती खिडकीत येऊन ओरडली, "अहो, अजून जोरात!"