शांत बहिणीचं रक्त

“माझ्यातला मी जितका कमी होईन, तितका जास्त जगेन,” दादा एकदा म्हणाला होता, आणि म्हणून झाल्यावर असा हसला होता की बहिणीच्या अंगावर काटा आला.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. तीस वर्षं अंधाऱ्या, उभ्या पोकळ्यांत, ग्रीसनं काळ्या पडलेल्या तारांखाली. पन्नाशीत त्याच्या हाडांच्या मज्जेत कॅन्सर निघाला. बहिणीच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी जुळल्या, त्याच्या अंगात घातल्या, आणि हळूहळू त्याचं रक्त तिचं झालं. रक्तगट बदलला. लहानपणापासून अक्रोड खाल्ला की तिचे ओठ सुजायचे. आता त्याचे सुजायला लागले. तपासणीच्या कागदावर दोन आकडे यायचे, रक्तात ती किती टक्के आणि तो किती. त्याच्यासमोर शून्य असलं की घरात हसू फुटायचं.

दीड वर्षानं ते शून्य हललं. चार झाले, मग नऊ. दादा स्वतःच्या रक्तात परत येत होता आणि आजाराला बरोबर घेऊन येत होता.

डॉक्टरीणबाईंनी बहिणीच्या पांढऱ्या पेशी काढून त्याला दिल्या. त्या पेशींनी आजाराला परका म्हणून ओळखून मारायचं. फार पिसाळल्या तर त्या कातडी, आतडी, यकृत काहीच सोडत नाहीत, हेही बाईंनी सांगितलं. पण दोन महिने काहीच घडलं नाही. “बहिणीच्या पेशी फारच शांत आहेत हो, भांडायलाच तयार नाहीत,” बाई सहज बोलून गेल्या. पुन्हा काढू, या वेळी जास्त देऊ.

दादानं ते बोलणं अक्षरशः खरं धरलं: बहीण भडकली तरच तिच्या पेशी भडकतील. बहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, आणि काच तडकली तर काचेचीच समजूत काढेल अशी होती. तो रोज तिच्या घरी जाऊन तिला डिवचायला लागला.

“ही भाजी आहे की शिक्षा?”

“शिक्षा. दोनदा वाढू?” ती हसायची.

“हस. तुझ्या या हसण्यानंच मी जाणार बघ.”

त्याच्या डोळ्यांत थट्टा नसायची.

पेशी काढायच्या दिवशी सकाळीच तिला खुर्चीत बसवलं. दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त जायचं, यंत्र घरघरत हवं ते ठेवून घ्यायचं, उरलेलं दुसऱ्या हातातून परत यायचं. तिच्या ओठांना मुंग्या येत होत्या. वरच्या पिशवीत फिकट लालसर काहीतरी साठत होतं. दादा स्टूल ओढून शेजारी बसला.

“आई गेली त्या दुपारी तू फोन केला होतास.”

“हो. तू म्हणालास, झोपलीय, संध्याकाळी ये.”

“झोपली नव्हती. तुझाच धोशा लावला होता. आली का, आली का. मला वाटलं, शेवटचं बोलणं माझ्याशी होऊ दे. म्हणून नको म्हटलं तुला.”

तिची मूठ आवळली. नळीतलं रक्त अडलं, यंत्र किंचाळायला लागलं. नर्स धावत आली.

“ताई, मूठ सोडा! त्रास होतोय का? बंद करू?”

दादा पुढे झुकला होता. त्याच्या तोंडावर पश्चात्ताप नव्हता. अडकलेल्या लिफ्टच्या दाराला कान लावून आत काही हलतंय का ऐकावं, तसा तो ऐकत होता.

बंद करा म्हटलं, तर हा जाणार. चालू ठेवा म्हटलं, तर ही अशी, आत्ताची ती, त्याच्या अंगात शिरणार. आणि तिथे तिला आवरायला ती स्वतः नसणार.

“चालू ठेवा,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. “पूर्ण भरू दे.”

नर्सनं कळ दाबली. घरघर परत सुरू झाली. नर्स लांब जाईपर्यंत बहीण थांबली.

“दादा, हे खरं होतं, की मला पेटवायला रचलंस?”

तो उठला. मान वर करून पिशवी किती भरली ते त्यानं पाहिलं. मग स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं आणि बाहेर निघून गेला.