अमृतरावाचं बिनपाखरांचं रान

अमृतराव प्रगतिशील शेतकरी होता. हे मी म्हणत नाही, तोच म्हणायचा. दुष्काळ सरला, संकरित कापूस आला आणि पाठीवरचा फवारणीचा पंप आमच्या गावात पहिल्यांदा त्यानंच आणला. जवळच्या गोरेगावच्या बाजारातून आणलेली वस्तू माणूस गाडीतून उतरवून घरात ठेवतो. हा गडी पंप पाठीला बांधून सगळ्या गल्ल्यांतून हिंडला, लोक ओट्यावर येईपर्यंत खाकरत हिंडला. त्या दिवसानंतर पंप कायमचा नरसिंगच्या पाठीवर गेला. नरसिंग त्याचा सालगडी.

माझं रान त्याच्या बांधाला लागून, त्यामुळं त्याच्या बढाया ऐकण्याची शिक्षा मला बाराही महिने होती. “आपल्या रानात चिमणी बसत न्हाई,” हे त्याचं लाडकं वाक्य. पारावर तेच, एसटीत तेच, सोयऱ्याच्या तेराव्याला गेला तरी तेच. एंड्रिनचा वास दोन रानं ओलांडून यायचा. त्या विषाला अख्खं गाव औषध म्हणायचं, कारण दुकानदार तसं म्हणायचा. पावसाळ्यात त्याच्या सऱ्यांमधून साळुंक्या मरून पडायच्या, एखादा बगळा मान वाकडी करून नुसता बसून राहायचा, आणि हा आम्हाला हात धरून दाखवायला न्यायचा. “पाहा, कसं काम करून राहिलं औषध!” आम्हीही माना डोलवून यायचो. गावाला साजेसाच शहाणा गावाला मिळाला होता.

माणसाला काही होत नाही का, असं मी एकदा विचारलं, तर तो माझ्याकडं कीव आल्यासारखा बघायला लागला. “पाखराचा जीव केवढा, आपला केवढा! मानसाला काय होतंय?” तिकडं नरसिंग नाकाला फडकं बांधून छातीएवढ्या कपाशीत फवारत असायचा आणि दिवस मावळला की गोठ्यामागं जाऊन ओकायचा. त्याला अमृतराव नाजूक म्हणायचा.

तीन-चार हंगामांत त्याचं रान आवळून आलं. ढेकळं फुटेनात. खताची गरज होती, आणि आमच्याकडं फुकटासारखं खत म्हणजे मेंढरं. कापूस वेचून झाला की धनगरांचे कळप येतात. मेंढरं पऱ्हाटीचा पाला खातात, रात्री रानातच बसतात, लेंड्या जमिनीला मिळतात आणि धनगराला ज्वारी. आमच्या शिवारात दरसाल जनकाबाईचा कळप यायचा. नवरा मेल्यापासून ती एकटीच तो सांभाळायची. तोंडानं फटकळ होती. पाटलालासुद्धा उभ्यानं उत्तर द्यायची.

कळप आत घालण्याआधी ती सकाळी बांधावर बसायची आणि रानात पाखरं उतरतात का ते बघायची. साळुंक्या, बगळे, तितर उतरले, चरले आणि धड उडून गेले, तर मेंढरं आत. नाहीतर पुढचं रान. आदल्या साली सेनगावकडं फवारलेला पाला खाऊन तिच्या नणंदेचा अर्धा कळप तडफडून मेला होता. मेंढरं गेली तर जनकाबाईच्या पालात चूल पेटायला दुसरं काहीच नव्हतं.

त्या माघात माझ्या रानात पाखरं उतरली आणि कळप बसला. मग ती अमृतरावाच्या बांधावर जाऊन बसली. ऊन वर आलं तरी एक पंख दिसेना. ती लुगडं झटकून उठली.

“काहून गं जनके, उठलीस काहून?” अमृतरावानं विचारलं.

“तुमीच सांगत हिंडता न्हवं, तुमच्या रानात चिमणी बसत न्हाई? मंग माझी मेंढरं काहून बसतील?”

बांधावर गोळा झालेले सगळे हसले. मीही पोटभर हसलो. अमृतराव मात्र तरातरा घरी गेला.

दुसऱ्याच दिवशी तो जवळा बाजारला जाऊन आला. एका फासेवाल्याकडून जिवंत तितर आणले, टोपलीभर. संध्याकाळी नरसिंगला लावून एकेकाच्या पायाला दोरा बांधला आणि दोरे पऱ्हाटीच्या बुडख्यांना अडकवले. लांबून पाहणाऱ्याला तितर चरतायत असं वाटावं, एवढी त्याची अक्कल चालली. सकाळी मी पाहिलं तर खरंच बिचारे गोल गोल फिरून किडे टिपत होते. अमृतराव जनकाबाईला बोलवायला आला. आता तो तिला जनकाबाई म्हणत होता. येताना साक्षीदार म्हणून अर्धं गावही गोळा करून आणलं.

जनकाबाईनं कोकरांचं सगळं आवरलं आणि सवडीनं निघाली. आम्ही पोचलो तेव्हा बहुतेक तितर पाय वर करून पडले होते. एक तेवढा मान मागं ओढून फडफडत होता, तोही थांबला. तिनं एक उचलला. त्याच्याबरोबर दोरा वर आला.

“उन्हानं मेले,” अमृतराव म्हणाला. “बांधलेलं पाखरू ऊन सोसत न्हाई.”

“माघात?” कोणीतरी मागून विचारलं.

जनकाबाईनं तितर त्याच्या पुढ्यात टाकला. “बराबर हाय. उन्हानं मेलं तर मटण काय नासत न्हाई. रांधा आन् माझ्यासमोर खा. लगेच कळप घालते.”

एवढ्या लोकांत नाही म्हणण्याची त्याला सोय नव्हती. त्याच्या बायकोनं, पद्माबाईनं, तितर पदरात घेतले. लग्न झाल्यापासून ती त्याच्या बढाया शिजवून वाढतच आली होती. आम्ही सगळे तिच्या अंगणात जाऊन बसलो. तिनं लाल रस्सा केला, भाकरीसोबत ताटात वाढला आणि ताट नवऱ्यासमोर ठेवलं.

“खा,” ती म्हणाली. “मानसाला काय होतंय?”

अमृतरावानं भाकरी मोडली. घास रश्श्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. तेव्हा मला उमजलं, की याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. मूर्ख समजून मी त्याला इतकी वर्षं माफ करत आलो होतो. घाम पुसत त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि ताट दाराशी बसलेल्या नरसिंगकडं सरकवलं.

“नरसिंग, सकाळपासून उपाशी असशील. घे, तू खा.”

आता कोणी हसलं नाही. नरसिंगनं ताटाकडं पाहिलं. मालकाचं ऐकायची सवय झालेला त्याचा हात पुढं झाला. पद्माबाईनं झडप घालून ताट उचललं. मग नरसिंग उठला. खुंटीवरचा पंप काढून त्यानं अमृतरावाच्या पुढ्यात, ताटाच्या जागी ठेवला.

“आता हा बी तुमीच पाठीला बांधा, मालक,” म्हणाला आणि निघून गेला.

रस्सा उकिरड्यापलीकडं खोल पुरला. त्या साली अमृतरावाचं रान बिनमेंढरांचं राहिलं. पुढच्या गुढीपाडव्याला त्याला नवा सालगडी मिळाला नाही, आणि स्वतःच्या पाठीला पंप बांधायची छाती त्याला कधीच झाली नाही. फवारणी बंद पडली. दोन पावसाळे गेले आणि त्याच्या सऱ्यांत साळुंक्या उतरायला लागल्या. जनकाबाईनं सकाळभर बसून त्या पाहिल्या आणि कळप आत घातला.

त्यानंतर एकदा हिंगोलीच्या एसटीत अमृतराव भेटला. शेजारच्या अनोळखी माणसाला तो सांगत होता, “आपल्या रानात पाहा, सगळी पाखरं उतरून राहिली. औषधाचा थेंब न्हाई. आपन प्रगतिशील!”

मागच्या बाकावर नरसिंग बसला होता. त्यानं खिडकीची काच सरकवली आणि बाहेर थुंकला.