फसकीचा दगड

आमचं गाव ऐतिहासिक आहे हे मला कमान बांधली तेव्हा कळलं. तोवर आम्ही आपलं त्याला नुसतं गाव म्हणत होतो. दौंडकडून येणाऱ्या रस्त्याला, नदीच्या अलीकडे, ती कमान अजून उभी आहे. "ऐतिहासिक व्यापारी नगरीत आपले सहर्ष स्वागत" असं तिच्यावर ठळक लिहिलंय, आणि तिच्याखालून एसटी जाते तेव्हा आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शेजारी कोणी नवखी बाई बसलेली असली तर विचारते, इथं कसला हो इतिहास? मी सांगते, बाई, होता. ह्या लोकांनी तो उचलून कमानीत चिणला.

नीट सांगते. भीमेला आमच्या गावापाशी उतार आहे, उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येतं. म्हणून पूर्वी जुन्नरच्या बाजूनं पूर्वेकडच्या तेर गावाला जाणारे बैलांचे तांडे म्हणे इथंच नदी ओलांडायचे. तांडा थांबला की पोती सुटायची, पोती सुटली की गिऱ्हाईक यायचं, आणि अशी इथं पेठ वसली. गावामागं पांढऱ्या मातीचं मोठं टेकाड आहे, त्याला आम्ही पांढर म्हणतो. पाऊस पडून गेला की तिथं शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी, शिशाची नाणी उघडी पडायची. आम्ही पोरी त्या नाण्यांनी दुकान-दुकान खेळायचो. एकदा पुण्याहून खोदकामवाले आले, चार दिवस चर खणून बसले, आणि म्हणाले, हे फार मोठं शहर होतं. खाली सातवाहन, त्यावर यादव, त्यावर सुलतान, एकावर एक थर आहेत. माझ्या वडिलांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्यांनी आयुष्यभर त्याच टेकाडावर मेंढरं बसवली होती, मग कालव्याचं पाणी आल्यावर मेंढरं विकून ऊस लावला होता. ते म्हणाले, "राजं बदललं, मोगल आलं, पेशवं आलं, इंग्रज आलं. पण बाजाराचा सोमवार कुनाला बदलता आला न्हाई."

त्या सोमवारच्या बाजारात, पांढरीच्या पायथ्याशी, एक दगड होता. कमरेएवढा उंच, वरच्या बाजूला चंद्र-सूर्य कोरलेले, खाली झिजलेल्या चार ओळी. खोदकामवाल्यांनाही त्या धड लागल्या नाहीत. बाजारातलं काहीतरी कुणाला तरी दान दिलंय, चंद्र-सूर्य असेतोवर, एवढंच ते म्हणाले. आमच्यासाठी तो फसकीचा दगड. फसकी म्हणजे मूठभर माल. पूर्वी जो कोणी राजा असेल त्याचा माणूस त्या दगडापाशी बसायचा आणि बाजारात येणाऱ्या प्रत्येकाकडून मूठभर धान्य, मूठभर भाजी उचलायचा. राजवट बदलली की माणूस बदलायचा, दगड तोच. शेवटी उचलणारा कोणी उरला नाही, पण लोकांच्या हाताची सवय काही गेली नाही. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, होण्याआधी दगडापाशी फसकी ठेवायची. ठेवल्याशिवाय तागडी हातात घ्यायची नाही. मीही ठेवायचे. मला भांडगावला दिलेली, तिथं मी परकर आणि झबली शिवायचे आणि दर सोमवारी माहेरच्या बाजारात आणून विकायचे. परकराची फसकी काय घालणार? मी एक नाडी ठेवायचे आणि चिंध्यांचं एक बोचकं.

आणि ती फसकी जायची कुणाला? तर गावात जिला कोणी नाही तिला. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. माझ्या आठवणीत ती माझ्या आत्याची होती.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला, पोटी काही नाही, सासरच्यांनी एक पाटा-वरवंटा डोक्यावर देऊन वाटेला लावली. वडील म्हणाले, घर तुझंच आहे. आत्या म्हणाली, "घर तुझ्या बायकूचं हाय. भावाच्या दारात ताट घिऊन हुबं ऱ्हायचं माझ्यानं व्हनार न्हाई." मेंढरांच्या जुन्या वाड्याशेजारची खोली तिनं सारवून घेतली आणि आधीची म्हातारी वारल्यावर फसकीचं काम तिच्याकडं आलं. काम म्हणते मी त्याला. सोमवारी पहाटे ती दगडाभोवती झाडायची, शेणाचा सडा घालायची, दगड धुवायची. उन्हं कलली की सगळं गोळा करून घरी न्यायची. तिला कोणी काही दिलं नाही आणि तिनं कोणाकडून काही घेतलं नाही. लोक दगडाला द्यायचे, ती दगडाची घ्यायची. ताठ मानेनं बाजारातून चालायची हो! कांदा किडका निघाला तर पुढच्या सोमवारी त्या कांदेवाल्याला चार लोकांत झाडायची: "दगूडबी तुला वळखत न्हाई व्हय रं?" माझ्या चिंध्यांच्या तिनं इतक्या गोधड्या शिवल्या की गावातल्या निम्म्या बाळंतिणी त्यांवर निजल्या.

आता कमानीचं. ती बांधली तेव्हाचे सरपंच म्हणजे गावाचे आप्पा. बागायतदार, कारखान्याच्या राजकारणात वजन, बोलायला गोड. माणूस वाईट नव्हता, हे मी रागातही कबूल करते. पण खोदकामवाल्यांचं बोलणं त्यांच्या डोक्यात शिरलं आणि तिथं जाऊन सडलं. प्रत्येक सभेत सुरू, आपलं गाव ऐतिहासिक हाय, आपल्याला पर्यटक आणायचंत. कोरेगाव भीमाला बघा किती लोक येतात, आपल्याकडं काळं कुत्रं येत न्हाई. मग निधी आला, कमान ठरली, आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की कमानीला शोभा पाहिजे, तो दगड आणून तिच्यात बसवा. शनिवारी जेसीबी आला. आत्या रानात खुरपायला गेली होती. ती परत येईपर्यंत दगडाच्या जागी खड्डा होता.

दगड कमानीच्या पायात सिमेंटनं बसवला. बरं, बसवला तर बसवला, त्याला ऑइलपेंट फासला! सूर्य पिवळा, चंद्र पांढरा, आणि त्या झिजलेल्या ओळी कुण्या पेंटरनं स्वतःच्या मनानं काळ्या रंगात गिरवल्या. म्हणजे आता त्या वाचता येतात, फक्त त्यांना अर्थ नाही. समोर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, चावी ग्रामपंचायतीत. डोंबलाची शोभा!

सोमवारी मी परकरांचं गाठोडं घेऊन भांडगावहून एसटीनं आले, तर बाजारात काहीतरी बिघडलेलं. माणसं माल मांडून बसलेली, पण तागडी कोणी उचलेना. आत्या नेहमीसारखी आलेली. तिनं खड्ड्याभोवती झाडलं होतं, सडा घातला होता, आणि रिकामी पिशवी घेऊन बाजूला बसली होती. कोथिंबीरवाली मूठ भरून उभी राहिली. कुठं ठेवायची? चिखलात ठेवली तर मातीत जाणार. शेवटी ती बिचारी सरळ मनानं म्हणाली, "आत्या, पिशवी धरा, त्यात टाकते."

आत्यानं पिशवी अशी मागं ओढली की जणू त्या बाईच्या हातात इंगळ होता.

"म्या भीक मागाया बसलीया का?" ती म्हणाली. "द्यायचं तर दगडाला द्या. मला नगं."

"अवो, पन दगूड हाय कुठं?" कोथिंबीरवाली रडकुंडीला आली.

आत्या उठली आणि रिकामी पिशवी घडी घालून घरी गेली. सगळा बाजार तिच्या पाठीकडं बघत राहिला, आणि मग पोटाला कोण थांबतंय, फसकीशिवायच भवानी झाल्या. मी परकर तसेच टाकले आणि ग्रामपंचायतीत गेले.

आप्पा खुर्चीत, समोर उद्घाटनाच्या मंडपवाल्याशी बोलणं चाललेलं. मी म्हटलं, "आप्पा, आमच्या आत्यानं काय खायचं?"

"अगं पोरी, बस, च्या घे," ते म्हणाले. "एवढं व्हय! तिला मी निराधार पेन्शनीत बसवतो. न्हाईतर माझ्या घरनं म्हैन्याला पायली ज्वारी लावून देतो. माझ्या आईसारखी हाय ती."

"तुमची ज्वारी ती खाणार नाही."

"का? माझी ज्वारी इटाळली का?"

"तुमची ज्वारी तुमची आहे, आप्पा. बाजारातली तिची होती."

त्यांना खरंच समजलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, माणूस नाटक करत नव्हता. "दगूड तर तोच हाय की," ते म्हणाले. "उलट उनापावसात पडला व्हता, त्यो इज्जतीत आनून बसवला. आमी इतिहास जपतोय आन् तू भांडाया आलीस."

मी म्हटलं, "मोगलांची छावणी पडली तेव्हा त्यांच्या घोड्यांनी आपली उभी पिकं खाल्ली असतील. पण तो दगड त्यांनीसुद्धा जागचा हलवला नाही. तुम्ही निवडून येऊन हलवलात." मंडपवाला हसला. आप्पा नाही हसले. नंतर वर्षभर ते माझ्या वडिलांशी बोलत नव्हते, आणि आई मला म्हणाली, सासरी गेलेल्या लेकीनं तोंड जरा आवरावं.

पुढच्या सोमवारी काही जणांनी कमानीपाशी जाऊन जाळीतून फसकी टाकली. ती आत पडली आणि आतच सडली, कुलूप कोण उघडणार? मग कुणीतरी हार घातला, कुणी नारळ फोडला, उदबत्त्या लागल्या. शेंदूर तेवढा राहिला होता. ज्या दगडानं गावाला पोसलं त्याचा देव केला, म्हणजे आता तो कुणाला काही देणं लागत नाही. आणि माझी आत्या त्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधावरची तांदुळजाची भाजी खुडून खात होती. माझी आई डब्यात भाकरी बांधून पाठवायची, डबा तसाच परत यायचा. मी दंडाला धरून ओरडले तिच्यावर, "मरायचंय का तुला अशी ताठ्यात?" ती शांतपणे म्हणाली, "ताठा न्हाई गं. आता ह्या वयात मागाया शिकू व्हय?"

मी भांडगावला परत जाताना एसटीत रडले. राग होता तो. दोन हजार वर्षांच्या शहराला एका म्हातारीची मूठभर ज्वारी सांभाळता येत नाही, आणि वर कमानी बांधतंय.

उद्घाटन नेमकं सोमवारी ठेवलं. पाहुण्यांच्या गाड्या लावायला बाजाराची जागा पाहिजे म्हणून आप्पांनी बाजार मंगळवारी भरवायची दवंडी दिली. जे आजवर कुणाला जमलं नाही ते ह्यांनी एका दवंडीत करून दाखवलं! पण बाहेरगावच्या लोकांना दवंडी कुठली पोचतेय. सोमवारी सकाळी पन्नासभर माणसं माल घेऊन आली आणि गोंधळून उभी राहिली. पोलीस त्यांना हुसकतायत, स्पीकरवर देशभक्तीची गाणी लागलीयेत, आणि तेवढ्यात आत्या आली.

डोक्यावर पाटा होता. तिच्या सासरचा तो काळा पाटा, तिच्याजवळ असलेली एकमेव जड वस्तू. मान थरथरत होती, पण कुणाला हात लावू दिला नाही. खड्ड्यात तिनं मुरूम भरला, वर पाटा आडवा ठेवला, पायानं दाबून बघितला, आणि भोवती सडा घातला. कोथिंबीरवाली पुढं झाली. पाट्यावर एक मूठ कोथिंबीर ठेवली. मागून कांदे आले, मिरच्या आल्या, हुलगे आले. मी नाडी ठेवली. पोलीस बघत राहिले, बाजार भरला.

ग्रामपंचायतीचा शिपाई धावत आला. "आत्या, ह्यो पाटा उचला, सायेब येत्यात! आप्पा म्हंत्यात अतिक्रमन हाय!"

आत्यानं वरही बघितलं नाही. "आप्पाला म्हनावं, ह्याच्यावर चंद्र-सूर्य न्हाईत. त्यो तुमच्या कामाचा न्हाई."

शिपायानं खिशातला एक बिडीचा कट्टा पाट्यावर ठेवला आणि गेला. गाड्या नदीकडेला लावल्या. तिकडं कमानीखाली भाषण झालं, साम्राज्यं आली आणि गेली, पण ह्या नगरीनं आपला वारसा सोडला नाही वगैरे. इकडं आमच्या भवान्या झाल्या. ते बिडीचं बंडल आत्यानं वडिलांना दिलं.

त्यानंतर ती आठेक वर्षं जगली. पाटा बाजारात गेल्यावर चटणी वाटायला ती आमच्या घरी यायची. भावाच्या घरातलं तिनं घेतलं ते एवढंच. आता फसकी दुसऱ्या एका बाईची आहे, ऊसतोडीला आलेली आणि नवऱ्यानं मागं टाकून दिलेली. पाटा तिथंच आहे. वरून हात फिरून फिरून गुळगुळीत झालाय.

कमानीचा रंग उडालाय, त्यामुळं परवा आप्पांचा मुलगा बाजारात आला होता. आता तो सरपंच आहे. कमानीचं सुशोभीकरण करायचंय म्हणाला. पाट्यापाशी थांबला, वाकून बघायला लागला, बोटानं धूळ पुसली. मग माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, "ताई, ह्यो किती जुना असंल हो?"



"कालचाच हाय," मी म्हटलं. "काल दौंडहून इकत आणला."