मोडून दाखव

“तो जॉब आमचा नाही! खाली ठेव! आधी खाली ठेव तो!”

सर ओरडत होते. तलासरीतल्या आमच्या ट्रेनिंग सेंटरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सर ओरडले की आवाज शेडमध्ये मावत नसे. तो हायवे ओलांडायचा, नाक्यावर उभ्या ट्रकांना मागे टाकायचा आणि सरळ गुजरातेत शिरायचा. अतिशयोक्ती वाटत असेल तर थोडी कमी करा, पण सीमेपलीकडच्या भिलाडच्या अलीकडे आणू नका.

खाली ठेवायचा जॉब माझ्या हातात होता. जॉब म्हणजे वेल्डिंगच्या परीक्षेत जोडतात तो नमुना. एक लोखंडी पट्टी आडवी, दुसरी तिच्यावर उभी, आणि मध्ये वेल्डिंगचा जोड. माझ्या दुसऱ्या हातात गोणी होती आणि गोणीत असेच आणखी दहा जॉब. सेंटरचे मालक, ज्यांना आम्ही सगळे शेठ म्हणत असू, ते कोपऱ्यात उभे राहून घाम पुसत होते. परीक्षक दारातच टॅबमध्ये डोकं घालून उभा होता. अकरा मुलंमुली भिंतीला पाठ लावून सरांकडे बघत होती. मी तिथला कारकून. ती गोणी मीच आणली होती. कुठून, ते सांगतो. पण आधी सर सांगितले पाहिजेत, नाहीतर तुम्ही मला नुसता चोर समजाल आणि त्यांना नुसतं वेडं.

सरांकडे एक हातोडा होता. शेठच्या मते चार किलोचा. माझ्या मते गाभण म्हशीहून हलका नव्हता. मुलगा पहिल्यांदा जॉब जोडून आणायचा, घामाघूम, कौतुक होईल म्हणून दात काढत. सर त्या जॉबकडे बघायचेसुद्धा नाहीत. टेबलाला ठोकलेल्या वाईसच्या जबड्यात तो घट्ट आवळायचे, हातोडा त्याच्याच हातात द्यायचे आणि म्हणायचे, “मोडून दाखव.”

आपलंच काम, आपल्याच हाताने. जोड उघडला तर सर दोन नव्या पट्ट्या पुढे सरकवत. पट्टी पार दुमडली, आणि जोड मात्र जिथल्या तिथे राहिला, तर त्यावरून अंगठा फिरवत आणि म्हणत, “हं. आता घरी जा.” तेच सुवर्णपदक. याहून मोठं कौतुक त्यांनी कुणाचं केल्याचं मी ऐकलं नाही.

त्यामुळे आमच्या शेडमध्ये धड जॉब कधी दिसलाच नाही. एकदा एक मोठे साहेब पाहणीला आले. सरांनी अभिमानाने त्यांना कोपऱ्यातला वाकड्यातिकड्या लोखंडाचा ढीग दाखवला. साहेबांनी शेठना बाजूला घेऊन विचारलं, “भंगाराचं लायसन्स वेगळं काढलंय ना?”

सरांना जगात एकाच गोष्टीचा राग होता, तो म्हणजे न शिकता मिळालेल्या सर्टिफिकेटाचा. एकदा एक इसम वेल्डर म्हणून सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट घेऊन आला, तोही शिकवायची नोकरी मागायला. सरांनी वेल्डिंगचा होल्डर, म्हणजे कांडी धरायची मूठ, त्याच्या हातात दिला. त्याने तो कानाला लावला. मी स्वतः पाहिलंय. लावला नसेल तर लावायच्या बेतात होता, ते मी पाहिलंय.

“हे तुला कुणी दिलं?” सरांनी विचारलं.

“मामांचा क्लास आहे.”

त्या दिवसापासून सरांना ध्यास लागला. “परीक्षा घेणारा असा पाहिजे, ज्याचा इथे मामा नाही आणि मेव्हणा नाही.” हे ते मला सांगत, चहावाल्याला सांगत, झाईच्या एसटीत कंडक्टरला सांगत. सर मूळचे किनाऱ्यावरच्या झाईचे, मच्छीमारी बोटींच्या इंजिनांवर डागडुजी करत करत हात तयार झालेला. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत लोक देवीला मूल मागतात, पीक मागतात. सरांनी माझ्यादेखत हात जोडून मागितलं, की आई, सगळ्या देशाला मिळून एक स्वतंत्र परिषद दे.

आणि देवीने ऐकलं, तुम्ही काहीही म्हणा. दिल्लीची परिषद आमच्या सेंटरपर्यंत पोचली. सगळ्या देशातल्या सर्टिफिकेटांवर एकच देखरेख. शिकवणारा वेगळा, परीक्षा घेणारा वेगळा. शाळेची इयत्ता आणि हाताचं कसब एकाच शिडीवर मोजायचं, म्हणजे ज्याची शाळा सुटली तो कामाच्या पायऱ्यांनी वर चढून पुन्हा शाळेच्या पायरीवर पाय ठेवू शकेल. पत्रक आलं त्या दिवशी सरांनी पाटीभर चिकू वाटले आणि ते पत्रक माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. पत्रक इंग्रजीत, आणि सरांना इंग्रजी येत नव्हतं. पहिल्यांदा मी जसं होतं तसं सांगितलं. दुसऱ्यांदा थोडं रंगवून. तिसऱ्यांदा मी काय काय सांगितलं ते नेमकं आठवत नाही, पण सरांच्या डोळ्यांत पाणी होतं एवढं आठवतं.

त्या शिडीची खरी गरज होती सविताला. गंजाड गावची. घरी उतारावरचं भात आणि नाचणी, शाळा नववीत सुटलेली. अकरा जणांत तिचा हात सर्वांत स्थिर. पहिल्या आठवड्यात तिचे जॉब पाव मोडावा तसे मोडायचे. चौथ्या महिन्यात तिने हातोडा मारला तेव्हा पट्टी दुमडली, टेबल हललं, शेडवरचे कावळे उडाले, जोड तसाच. सर म्हणाले, “हं. आता घरी जा.” ती गेली नाही. बसून आणखी एक जोडला.

सीमेपलीकडच्या एका कंपनीत सर स्वतः जाऊन तिच्यासाठी बोलून आले. कंपनीने सांगितलं, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला परिषदेचा शिक्का असलेलं सर्टिफिकेट घेऊन या, वेल्डर म्हणून घेतो. नसेल तर पॅकिंगला जागा आहे. म्हणजे सगळं त्या एका परीक्षेवर अडलेलं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आला. किडकिडीत, नम्र पोरगा. सरांनी पाणीसुद्धा नंतर विचारलं. आधी विचारलं, “तुमचं इकडे कुणी?”

“नाही हो, कुणीच नाही. पहिल्यांदाच आलोय.”

सरांचा चेहरा असा उजळला की शेडमधले दिवे बंद केले असते तरी चाललं असतं.

पट्ट्या सीलबंद खोक्यातून आलेल्या, माणशी एक जोडी, जास्तीची एकही नाही. प्रत्येक जोडीवर उमेदवाराचा नंबर ठोकलेला. सकाळभर मुलांनी जोडल्या. परीक्षक समोर उभा राहून बघत होता, हजेरीचे फोटो काढत होता. दुपारी जॉब हात लावता येणार नाही इतके तापलेले. तो म्हणाला, गार होऊ देत, तोवर मी देवीचं दर्शन घेऊन येतो, आलो की तपासतो.

तो विवळवेढ्याला जाऊन प्रसादाचा नारळ घेऊन परतला, तेव्हा अकराचे अकरा जॉब टेबलावर ओळीने मांडलेले. सगळे दुमडलेले. बाजूला सर, मुलीच्या लग्नात बाप उभा राहतो तसे.

“बघा,” ते म्हणाले. “एकही उघडला नाही.”

परीक्षकाने नारळ खाली ठेवला. सविताचा जॉब उचलला, मापाची पट्टी जोडाला लावून बघितली. पट्टी बसेना. टॅबमध्ये फोटो घेऊन बघितला. टॅबही घेईना. त्याने जॉब परत ओळीत ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, की मुलांनी माझ्यासमोर काम केलंय, चांगलं केलंय, मला दिसतंय. पण जॉब सरळ असेल तरच मोजता येतो. नाहीतर ‘जॉब सादर केला नाही’ असं भरावं लागतं.

“मग खाली लिहा,” सर म्हणाले. “मोडून पाहिला, उघडला नाही.”

“लिहायला जागाच नाहीये, सर.”

आता मला माझं सांगावं लागेल, टाळता येत नाही. परीक्षेच्या नियमांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आधी आलं होतं. ते वाचून सरांना समजावून सांगायचं काम माझं. मी चौथ्या पानापर्यंत वाचलं. पुढचं मनाने सांगितलं. सरांना काय ऐकायला आवडेल ते मला पाठ होतं. म्हणून मी सांगितलं, की दिल्लीवाले तुमच्यासारखेच आहेत, नुसता जोड बघत नाहीत, मोडून बघतात. सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. “मी म्हणत नव्हतो?” असं दोनदा म्हणाले होते. जॉब तपासेपर्यंत आहे तसा ठेवावा, हे नवव्या पानावर होतं. आयुष्यभर मी इतक्या थापा मारल्या, म्हशी उडवल्या, आवाज गुजरातेत पाठवले, कुणाचं काही बिघडलं नाही. ही एक थाप मात्र खरी मानली गेली.

अख्खी बॅच नापास झाली तर सेंटरची मान्यता जाणार होती. परीक्षक म्हणाला, मला एक फोन करायचाय, अर्धा तास तरी लागेल, आणि बाहेर गेला. तेवढ्यात सरळ जॉब आणा म्हणून तो गेला, हे सरांखेरीज सगळ्यांना कळलं. शेठनी माझ्याकडे बघितलं. मी गोणी घेऊन समोर खिडक्यांच्या ग्रिल जोडणाऱ्याकडे पळालो; त्याला अकरा जोड म्हणजे अकरा विड्या ओढण्याइतका वेळ. नंबरही त्याच्याकडेच ठोकून घेतले, जॉब पाण्यात बुडवून गार केले. सर तोवर मागच्या नळापाशी जाऊन बसले होते. ते आत आले तेव्हा मी गोणीतून पहिला जॉब काढत होतो आणि परीक्षक दारातून आत येत होता.

सरांनी लांबूनच ओळखलं. आणि ओरडले.

आवाज गुजरातेतून परत येऊन शांत झाल्यावर शेठ पुढे झाले. मी त्यांना इतक्या मऊ आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “सर, पोरांनी काम केलंय, ते या साहेबांनी बघितलंय. आपण खोटं कुठे करतोय? हा तर नुसता फोटो आहे.”

मला आजही या बोलण्यात चूक सापडत नाही. सरांनाही सापडली नसावी. ते माझ्याकडे वळले. माझ्या हातातल्या जॉबवर सविताचा नंबर होता.

“सविता,” सर म्हणाले, “हा तुझा आहे?”

तिला विचारायला नको होतं. जिचं सगळं त्यात अडकलेलं, तिलाच विचारलं. ती पुढे आली, माझ्या हातातून जॉब घेतला आणि जोडावरून अंगठा फिरवला, सर फिरवत तसा.

“नाही, सर.”

तिने तो टेबलावर ठेवला, तिच्या वाकलेल्या जॉबपासून जरा दूर. परीक्षकाने टॅबवर ‘सादर केला नाही’ यावर एका बोटाने अकरा वेळा टिचकी मारली आणि निघून गेला. नारळ तिथेच राहिला.

फेरपरीक्षा पुढच्या खेपेला होती, पण त्याआधीच सेंटरचं नाव यादीतून गेलं. सरांनी परिषदेला पत्र लिहायला घेतलं. ते सांगत होते, मी लिहीत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पदरचं काही घातलं नाही. मागणी एवढीच, की फॉर्मवर एक ओळ वाढवा, मोडून पाहिला का, म्हणून. सोबत सविताचा दुमडलेला जॉब. पोस्टात विचारलं, आत काय आहे. सर म्हणाले, “उत्तरपत्रिका.” पार्सल पोचल्याची पोच आली. पुढे काही आलं नाही.

पार्सल टाकलं त्याच दिवशी पोस्टाच्या पायऱ्यांवर मी त्यांना नवव्या पानाचं सांगून टाकलं. वाटलं होतं, आता ओरडतील, निदान वलसाडपर्यंत ऐकू जाईल. ते चप्पल घालत होते. “मला इंग्रजी वाचता आलं असतं, तर तुला त्रास दिला नसता,” म्हणाले आणि स्टँडकडे चालू लागले.

दुसऱ्या एका सेंटरने त्यांना बोलावलं होतं, पण आता शिकवणाऱ्यालाही परिषदेचं सर्टिफिकेट लागतं. सरांनी ते बरोबरच आहे असं सांगितलं आणि झाईला परत गेले. तिथे चिकूच्या वाड्यांची फाटकं जोडून द्यायचे. म्हणतात की फाटक बसवून झालं की मालकाच्या हातात हातोडा द्यायचे. मालक पळून जायचे. दोनएक वर्षांपूर्वी सर गेले. त्यांच्या भावाने हातोडा माझ्याकडे पाठवला. खाटेखाली आहे. झाडताना बायको त्याच्याभोवतीने झाडते. शेडमध्ये आता चिकूची रिकामी खोकी ठेवतात. सेंटरची मुलं कुठे कुठे गेली. एकही वेल्डर झाला नाही.

मागच्या महिन्यात तलासरी स्टँडवर सविता भेटली. कंपनीचा निळा कोट, पॅकिंग खातं. मी सरांचा विषय काढला. तिने कंपनीतली गोष्ट सांगितली. तिच्या बाजूला माल भरलेली ट्रॉली उभी होती. ट्रॉलीच्या पायाचा जोड उघडला आणि सगळी खोकी खाली आली, एक बाई थोडक्यात वाचली. सविताने खाली बसून जोड बघितला. नुसता वरवर चिकटवलेला, आत काही धरलंच नव्हतं. ती सुपरवायझरला म्हणाली, मशीन द्या, दहा मिनिटांत करून देते. त्याने विचारलं, सर्टिफिकेट आहे का तुझ्याकडे.

मी स्टँडवरच पेटलो. म्हटलं, सांगायचं होतंस त्याला, कुणाच्या हाताखाली शिकलीस ते. हातोड्याचं सांगायचं होतंस, दुमडलेल्या पट्टीचं सांगायचं होतंस. तिची गाडी लागली होती, लोक चढत होते.

“मग? तू काय सांगितलंस?”

तिने पिशवी खांद्याला लावली.

“नाही म्हटलं.”